चारशे बारा प्रश्न

शिशिरने लॅपटॉप फिरवून नीलिमापुढे ठेवला आणि पडद्यावरच्या एकुलत्या एका लांबलचक हिरव्या पट्टीवर बोट टेकवलं.

"मॅडम, आप तो छा गईं. चारशे बारा प्रश्न! पूरी कंपनीत इतके कोणीच नाही विचारले."

शिशिर शहरातल्या ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतल्या मराठी घरातला. वाक्याला हिंदीत सुरुवात करायचा आणि मराठीत कसाबसा उतरायचा. कंपनीत कोण किती शिकलं याचा हिशेब ठेवणं हे त्याचं काम. नीलिमा देशकर उरला औद्योगिक वसाहतीतल्या या रोलिंग मिलच्या तपासणी प्रयोगशाळेची प्रमुख. तयार सळ्या ताणून, वाकवून, तोडून पाहायच्या आणि मगच त्यांना बाहेर सोडायचं, हे ती एकोणीस वर्षं करत आली होती. तीन महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवर एआय आलं. काही अडलं की त्याला विचारा, सगळ्यांनी मिळून शिका, असा वरून हुकूम होता.

हिरव्या पट्टीखाली नीलिमाच्या हाताखालच्या चौघांची नावं होती. यज्ञेश्वर, बाबाराव, शारदा, दयाराम. चौघांपुढे शून्य.

"या चौघांनी एकदापण लॉगिन नाही केलं," शिशिर म्हणाला. "पहली तारीख से यार्ड में भेज रहे हैं. सळ्यांचे गठ्ठे बांधायला. और आपके पास अब एक नहीं, तीन लॅब. मुबारक हो."

नीलिमाने समोरचा पाण्याचा पेला उचलून अर्धा रिकामा केला. तो शिशिरचा होता हे तिच्या नंतर लक्षात आलं.

त्या चारशे बारांपैकी एकही प्रश्न तिचा नव्हता. रोज सकाळी चौघांना उभं करून "शिका, नाही तर मागे राहाल" असं ती ठणकावून सांगायची खरी, पण त्या कॉम्प्युटरजवळ जायची वेळ आली की बाईंना नेमकं स्टोअरमधलं काम आठवायचं. केमिस्ट्रीची एमएस्सी, वयाची बावन्न वर्षं, आणि हाताखालच्या माणसांदेखत पहिलीच्या पोरासारखं चाचपडायचं? त्यापेक्षा स्टोअर बरं.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. मान हलवायची, तीन लॅब घ्यायच्या. आणि शारदा पहिल्या तारखेपासून उन्हात गठ्ठे बांधणार. नीलिमाने पेला खाली ठेवला.

"हे मी नाही विचारले," ती म्हणाली.

"मतलब?"

"एकही नाही. मले तर ते उघडताही येत नाही."

बोलून गेल्यावर तिची तिलाच गंमत वाटली. तीन महिने जे झाकून ठेवताना जीव मेटाकुटीला आला, ते सांगायला दोन वाक्यंही लागली नाहीत. घट्ट चप्पल काढून फरशीवर पाय ठेवावेत तसं तिला मोकळं वाटलं.

"आयडी तो आपकी है," शिशिर म्हणाला.

"आयडी माझी, पण बसतात सगळे. आमच्या इथं सकाळी जो पहिले येते तो माझ्या आयडीनं कॉम्प्युटर चालू करते, अन् दिवसभर त्याच्यावरच सगळ्यायचं काम चालते. पासवर्ड कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. हात काळे असतात, दरवेळी आपापल्या आयडीनं आतबाहेर कोण करत बसन?"

शिशिरने कपाळ चोळलं. "हे मी वर कसं सांगू? म्हणतील, मॅडम अपनी टीम को बचा रही हैं."

"प्रश्न वाचता येतात का?"

"येतात ना."

"मग लावा."

यादी उघडली. नीलिमाने चष्मा चढवला आणि दुसऱ्याच ओळीवर ती थांबली. 'राम राम. सळी वाकवताना बाहेरून बारीक भेग पडली तर दोष पोलादाचा की गरम सळीवर पाणी मारण्याचा? धन्यवाद.'

"हे बाबाराव. मशीनले राम राम घालणारा दुसरा कोण आहे? अन् हा पहा, तोच प्रश्न तिसऱ्यांदा, वरून 'काल तर तू वेगळं सांगितलं होतं'. हा यज्ञेश्वर. तो माझ्याशीही असाच भांडते. सकाळी सहाच्या आतले, ज्यात कुठंच पूर्णविराम नाही, ते शारदाचे. तिले घाईच असते."

"और ये? 'ताण किती असावा अरे दरवाजा बंद कर धूल आ रही है'?"

"दयाराम. त्याले टाइप करता येत नाही, बोलून विचारते."

शिशिर हसला, पण हसून सोडून देणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने हजेरीचा तक्ता शेजारी उघडला. दयाराम गावी गेला होता त्या आठवड्यात दरवाजा बंद करायला कोणीच सांगितलं नव्हतं. बाबारावांच्या सुट्टीत एकही राम राम नव्हता. पाऊण तास दोघं तारखा जुळवत राहिली. शेवटी शिशिरने चारही शून्यं खोडली.

"यार्ड का मैं रोक देता हूं," तो म्हणाला.

नीलिमाने इतका मोठा श्वास सोडला की तिला स्वतःलाच ऐकू आला.

"लेकिन ये एक किसका है?" शिशिरने बोट ठेवलं.

'आमच्या मॅडमले हे येत नाही अन् विचारायची लाज वाटते. त्यायले कळू न देता कसं शिकवावं?'

तारीख दोन महिन्यांपूर्वीची. खाली मशीनने सात कलमी उत्तर दिलं होतं. प्रश्नात राम राम नव्हता, भांडण नव्हतं, घाई नव्हती. नीलिमाला आधी राग आला, मग भयंकर शरम वाटली, आणि मग त्या चार वेड्यांविषयी एवढी माया दाटून आली की तिने लॅपटॉप मिटूनच टाकला.

"हा सगळ्यायचा दिसते," ती म्हणाली.

ती परतली तेव्हा प्रयोगशाळेत चौघं कामात असल्याचं दाखवत होते; यार्डाची कुणकुण त्यांना आधीच लागली होती. यज्ञेश्वर एकदा वजन केलेला तुकडा पुन्हा काट्यावर ठेवत होता.

"कोणी कुठं नाही चाललं," नीलिमा दारातूनच म्हणाली. "यार्ड रद्द."

"हव मॅडम," दयाराम म्हणाला. शारदाने तोंड फिरवून ओढणीने डोळे पुसले.

नीलिमा सरळ कॉम्प्युटरपाशी गेली आणि तिने स्टूल पुढे ओढलं.

"सरका. मले पहिल्यापासून शिकवा. अन् खरं सांगा, त्या सात कलमातलं कितवं चालू होतं?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी शारदाच बोलली.

"तीन झाले मॅडम. चौथ्यावर दीड महिन्यापासून अडकून राहिलो."

"काय आहे चौथं?"

"त्या स्वतः विचारतील, तोवर थांबा."