बीबीच्या घरचा एसी

केनियाला जाऊन आल्यापासून जगन्नाथ सापळे यांच्या अजमानच्या फ्लॅटमध्ये पाहुणा आला, की त्याला आधी गेंडा बघावा लागे, मग पाणी मिळे. हॉलच्या भिंतीवर तीन फुटी फ्रेममध्ये लांबवर पसरलेलं पिवळं गवत होतं, त्यात छत्रीसारखं एक झाड आणि झाडाखाली राखाडी रंगाचं एक ढेकूळ. ते ढेकूळ म्हणजे गेंडा.

पाच दिवस जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतल्यावर सापळ्यांच्या पदरात एवढंच पडलं होतं. सिंह दिसला त्या सकाळी ते तंबूत पोट धरून झोपले होते. हत्तींचा कळप रस्ता ओलांडून गेला तेव्हा ते मान खाली घालून कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होते. शेवटच्या दिवशी ड्रायव्हरने लांब कुठेतरी बोट दाखवलं, त्याच्या बोलण्यातला ‘राइनो’ एवढा एकच शब्द सापळ्यांना कळला आणि त्यांनी साठ फोटो काढले. साठांपैकी एकाही फोटोत गेंडा जागचा हललेला नव्हता.

“गेंडा फार शांत प्राणी असतो,” त्यांनी बायकोला, नीलिमाला, समजावलं.

अबुधाबीत बँकेत नोकरी करणारी त्यांची मुलगी श्रिया फोटो बघून म्हणाली, “बाबा, आय थिंक दॅट्स अ रॉक.” हल्लीच्या मुलांना निरीक्षणच नाही, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

साठ फोटोंत न हललेला गेंडा त्यांच्या बोलण्यात मात्र चांगलाच चालायला लागला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो दोनशे मीटरवर होता. दिवाळीच्या फराळाला पन्नासवर आला. आणि गुढीपाडव्याला राजाभाऊंच्या बर दुबईतल्या मसाल्याच्या दुकानात, चार ओळखीची माणसं जमलेली असताना, तो दोन हातांवर येऊन उभा राहिला आणि त्याचा श्वास सापळ्यांच्या गुडघ्याला लागला. हे आपण काय बोलून बसलो, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. पण राजाभाऊंनी “बाप रे” म्हणून वेलचीचा चहा मागवला आणि माघार घ्यायची वेळ निघून गेली.

सापळ्यांचा धंदा एसीच्या कामांचा. बावीस वर्षं ते अजमानमध्ये इमारतींचे एसी बसवत आणि दुरुस्त करत आले होते, पण गेली काही वर्षं शिडीवर चढायचं काम हम्मादचं आणि खाली उभं राहून “जरा डावीकडे” म्हणायचं काम सापळ्यांचं. जुलैमध्ये हम्माद बहिणीच्या लग्नासाठी मुलतानला गेला आणि नेमका त्याच आठवड्यात वाळवंटातल्या एका सफारी पार्कचा फोन आला. तिथल्या गेंड्यांच्या घराचा एसी बंद पडला होता. बाहेर शेहेचाळीस डिग्री.

“तुम्ही जाणार? शिडीवर?” नीलिमाने डबा भरता भरता विचारलं.

“गेंड्यांचंच घर आहे,” सापळे म्हणाले. “मला त्यांची सवय आहे.”

पार्कच्या मागच्या गेटवर यहया नावाचा गृहस्थ उभा होता. साठीकडे झुकलेला, उंच, किडकिडीत, पायात गमबूट. मूळचा मोम्बासाचा, वीस वर्षं आखातात जनावरं सांभाळत होता आणि हिंदी बरी बोलत होता. केनियाचा माणूस भेटल्यावर सापळ्यांना राहवलं नाही. हत्यारांची पेटी खाली ठेवून, आपल्याला गेंड्यांची सवय आहे असं सांगत त्यांनी आधी मोबाइल काढला.

यहयाने फोटो दोन बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघितला.

“सर, ये गेंडा नहीं है,” तो अगदी हळुवारपणे म्हणाला. “ये दीमक का घर है.”

म्हणजे वारूळ.

“लेकिन ड्रायव्हर बोला, राइनो,” सापळे म्हणाले.

“वो शायद बोला, नो राइनो.” आणि पाहुण्याचा चेहरा पडलेला बघून त्याने पुढे जोडलं, “बहुत अच्छा घर है, सर. बहुत बडा.”

चार महिने आपण एका वारुळाचा श्वास गुडघ्यावर घेऊन हिंडत होतो, हे पचवायला सापळ्यांना फुरसत मिळाली नाही. यहया त्यांना घेऊन आत गेला. लांबलचक शेड, मध्ये जमिनीत रोवलेले जाडजूड लोखंडी खांब. दोन खांबांमधून माणूस आडवा होऊन निघेल, गेंडा नाही. एसीचा ब्लोअर खांबांच्या बरोबर वर होता. सापळ्यांनी शिडी खांबाला टेकवली.

“जानवर किधर है?” त्यांनी विचारलं.

“ये,” यहया म्हणाला.

पलीकडे जी भिंत आहे असं सापळे समजत होते, तिने कान हलवला.

तिचं नाव बीबी. स्वाहिली भाषेत बीबी म्हणजे आजी, असं यहयाने सांगितलं. वजन पावणेदोन टन. सापळ्यांचा हात शिडी परत उचलायला गेला. पण यहया बघत होता, आणि गेंड्यांची सवय असलेला माणूस म्हणून त्यांनी गेटवरच स्वतःची ओळख करून दिली होती. ते चढले.

बिघाड किरकोळ होता, ब्लोअरचा पट्टा तुटला होता. नवा पट्टा चढवायला दहा मिनिटं लागली असती. तिसऱ्या मिनिटाला बीबीच्या अंगाला खाज सुटली. ती सावकाश आली आणि शिडी ज्या खांबाला टेकली होती त्याच खांबावर पाठ घासायला लागली. खांब हलला नाही, पण शिडीला कापरं भरलं आणि ते थेट सापळ्यांच्या दातांपर्यंत पोचलं. त्यांनी डक्टला मिठी मारली. कर्मचाऱ्यांवर बावीस वर्षं ओरडलेल्या माणसाच्या तोंडून आवाज निघाला तो असा:

“अहो, जरा थांबता का?”

बीबीला मराठी येत नव्हती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“जेवलात का?” नीलिमा विचारत होती.

“मी गेंड्यावर आहे,” सापळे कुजबुजले.

“गेंड्यावर?”

“म्हणजे मी वर. गेंडा खाली.”

“मग आता तरी नीट फोटो काढा,” म्हणून तिने फोन ठेवला.

शेवटी यहया खांबांमधून हात घालून बीबीला कानामागे खाजवू लागला, तेव्हा शिडी थांबली. सापळ्यांनी चौथ्या प्रयत्नात पट्टा चढवला. ब्लोअर घरघरला आणि गार वारा खाली यायला लागला. बीबी झोताखाली जाऊन उभी राहिली, डोळे मिटले आणि इतका मोठा उसासा टाकला, की जमिनीवरचं गवत उडालं.

खाली उतरल्यावर यहयाने सापळ्यांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात तिच्या अंगावर ठेवला. पाठ उन्हात पडलेल्या टायरसारखी खरखरीत आणि गरम होती. कानामागे मात्र धुऊन धुऊन विरलेल्या गोधडीचा मऊपणा होता. बीबीने डोकं जरा त्यांच्या बाजूला कलतं केलं. सापळे कानामागे खाजवत राहिले. फोटो काढायचा राहिला, हे त्यांना परतीच्या रस्त्यावर आठवलं.

रविवारी राजाभाऊ आले. सापळ्यांनी पाण्याआधी सगळं खरं सांगून टाकलं: वारूळ, शिडी, मारलेली मिठी, ते ‘अहो’सुद्धा.

राजाभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जगन्नाथराव, केनियाचं मी मानलं. पण गेंड्याच्या घरी एसी, तिचं नाव आजी, आणि तुम्ही शिडीवर? काहीतरी हिशेबात बसेल असं सांगा.”

“अहो, हे खरं आहे. केनियाचं खोटं होतं.”

“खोटं कसं? फोटो आहे की,” राजाभाऊ भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले.

सापळ्यांनी साक्षीला बायकोकडे बघितलं. नीलिमा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली आणि आतून बराच वेळ तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

ऑगस्टमध्ये सर्व्हिसिंगला जायचं होतं. हम्माद परत आला होता, तरी सापळे स्वतः निघाले, आणि या वेळी नीलिमाही गाडीत बसली. शेडमध्ये शिरल्यावर ती कुठेही न अडखळता सरळ खांबापाशी गेली, यहयाला विचारून तिने हात आत घातला आणि बीबीला कानामागे खाजवत म्हणाली, “काय गं आजी, आता उकडत नाही ना?”

सापळे दारापाशी उभे होते, हातात थर्मामीटर घेऊन.

“या ना पुढे,” नीलिमा म्हणाली.

“मी इथून तापमान बघतो,” ते म्हणाले.

तापमान सव्वीस होतं. त्यांनी ते तीनदा वाचलं, तिन्ही वेळा सव्वीसच भरलं. मग थर्मामीटर खिशात घालून ते पुढे गेले आणि नीलिमाच्या मागे, तिच्या खांद्यावरून, एक हात लांब केला.