माझ्या डाव्या हातावरची लाल फीत

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, जेवणाच्या टेबलाशी चौघींच्या रांगेत उभी राहणारी नव्हे. मी सलूनची खुर्ची! बिडाचा जड पाय, पोलादी हात आणि डोकं टेकायला उशी. कारखान्यात मला तपासणाऱ्या कारागिराने माझ्यावर बसून तीन गिरक्या घेतल्या आणि पायावर खडूने 'उत्तम' असं लिहिलं. तो खडू पहिल्याच दिवशी पुसला गेला. तरी ही गोष्ट मी प्रत्येक नव्या टॉवेलला आवर्जून सांगते.

तीस वर्षं मी आणि माझ्या मालकांनी मिळून या रस्त्यावरची डोकी सांभाळली. त्यांचा हात इतका हलका, की गिऱ्हाईक माझ्यावर बसल्या बसल्या पेंगायचं. एक खोड मात्र त्यांना होती. मला ते कधी फिरवत नसत, स्वतःच माझ्याभोवती फिरत. "पाय आहेत ना मला!" असं म्हणायचे. शेवटी माझ्या कंबरेत केस आणि गंज साचला. माझी कंबर धरली ती धरलीच. वाईट वाटलं, पण काम चालू होतं.

मग मालकांचं डोकं दुखू लागलं. तपासणीत मेंदूत गाठ सापडली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांच्या लेकीने त्यांना माझ्यावर बसवलं आणि केस कापायचं मशीन हातात घेतलं. "जन्मभर दुसऱ्यांची भादरलीत, बाबा. आज तुमची पाळी!" दोघंही हसले. 

गाठ निघाली. पण त्या शस्त्रक्रियेत मेंदूची उजवी बाजू दुखावली होती, त्यामुळे डावीकडचं जग मालकांच्या ध्यानातून निसटलं. डोळे ठणठणीत होते. फक्त डावीकडे काही आहे हेच त्यांना जाणवत नसे. ताटात डाव्या बाजूची भाजी तशीच राही आणि ते विचारत, "आज भाजी नाही का केली?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, कामाची घाई नको. पण मालक ऐकतात होय! लेक सामान आणायला गेलेली पाहून त्यांनी वस्तरा उचलला. माझ्यावर बसले होते पोस्टमास्तर, आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. मालकांनी माझ्या पाठीशी उभं राहून त्यांचा उजवा गाल असा गुळगुळीत केला की पाहत राहावं. मग कापड झटकलं. "झालं! या आता." डाव्या गालावर फेस तसाच. पोस्टमास्तरांनी आरशात पाहिलं, मालकांचा फुललेला चेहरा पाहिला, आणि "फर्स्टक्लास!" म्हणून ते तसेच बाहेर पडले. रस्त्यावर लोक हसले. परतणाऱ्या लेकीने ते पाहिलं आणि आत येऊन वडिलांना खरं ते सांगितलं. मालक माझ्यावर मटकन बसले आणि रडले. ते हुंदके माझ्या पाठीला अजून आठवतात.

मेंदूच्या रुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या डाव्या हातावर लाल फीत बांधली. "फीत दिसेपर्यंत नजर न्यायची. फीत दिसली नाही, तर काम संपलं नाही." लेक माझ्या उशीशी फुगा बांधायची, त्याला फेस लावायची आणि मालक बिनपात्याच्या वस्तऱ्याने तो निपटायचे. तीन फुगे फुटले. कितीतरी अर्धेच निघाले. अकराव्या दिवशी अख्खा फुगा लख्ख! लेकीने टाळ्या वाजवल्या. मला दोन हात असून टाळी वाजवता येत नाही, याची तेव्हा फार खंत वाटली.

पुढच्याच आठवड्यात मालकांना फिट आली. लेकीने त्यांना कुशीवर वळवलं आणि रुग्णवाहिका बोलावली. ते परतले तेव्हा औषधं वाढली होती, डोळ्यांवर झापड होती आणि फीत पुन्हा दिसेनाशी झाली होती. फुग्याची डावी बाजू पुन्हा पांढरीच.

"विकून टाक ही खुर्ची," मालक म्हणाले. "माझ्याच्यानं आता पुरती दाढी होणं नाही."

 लेक मात्र शांतपणे तेलाची बाटली घेऊन आली. "विकते. पण न फिरणारी खुर्ची घेणार कोण? आधी तिची कंबर मोकळी करून द्या."

तीन दिवस मालक माझ्या पायाशी बसून गंज खरवडत होते. चौथ्या दिवशी त्यांनी मला धक्का दिला. मी कुरकुरले, अडखळले आणि चक्क फिरले! फिरता फिरता माझा डावा हात त्यांच्या उजव्या बाजूला आला. मालक बघतच राहिले.

"अगं, फीत इकडून आली! डावीकडे जायचं मी विसरतो ना, मग डावी बाजूच माझ्याकडे येईल!"

त्या दिवसापासून माझ्या विक्रीचं नाव कोणी काढलं नाही. बरेच महिने पुन्हा फिट आली नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वस्तरा नको. मशीन चालेल, तेही लेक शेजारी असताना. पहिले आले पोस्टमास्तर. इतके महिने त्यांनी दुसरीकडे ना दाढी केली होती, ना केस कापले होते. "त्या दिवशी चुकलं माझं," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

"आज सांगा की," मालक म्हणाले.

उजवीकडचे केस झाले, उजवा गाल झाला. मालकांनी मला फिरवलं. फीत आली, डावी बाजू आली, तीही झाली. पोस्टमास्तर काहीतरी सांगायला तोंड उघडणार, इतक्यात मालकांनी हात वर केला. "थांबा! बोलू नका." त्यांनी मला आणखी एक गिरकी दिली. पोस्टमास्तरांच्या डाव्या कानामागे केसांची एक बट राहिली होती. ती मालकांनी स्वतः शोधली! लेकीने डोळे पुसले, आणि मी अभिमानाने इतकी ताठ झाले की पोस्टमास्तर दचकले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी आजारातून उठत असेल आणि पुन्हा पडत असेल, तर त्याला खोटं 'फर्स्टक्लास' म्हणू नका, आणि 'संपलं' असंही म्हणू नका. कोपऱ्यात एखादी जुनी वस्तू अडून बसली असेल, तर टाकण्याआधी तिला थेंबभर तेल द्या. मालकांकडून अजूनही कधीकधी एखादी बट राहते. मग ते मला पुन्हा फिरवतात. कितीदा का फिरवेनात, माझी ना नाही. तीन गिरक्या घेऊनच तर मी 'उत्तम' ठरले होते.