स्क्रीनवरचं कुंकू

लाँचचे मालक शिवदासशेठ, पण दसऱ्याला लाँचवर हुकूम चालतो तो त्यांच्या आईचा, भागुबाईंचा. यंत्रांची पूजा त्या स्वतः करतात. यंदा सुकाणूसमोर नवा स्क्रीन बसवलेला. नकाशा, इंजिनचं तापमान, पाण्याची खोली, सगळं एकाच काचेवर. भागुबाईंनी त्यालाही कुंकू लावलं, ओल्या बोटानं, चांगलं रुपयाएवढं. आणि लावलं कुठं, तर नेमकं खोलीच्या आकड्यावर!

सारंगाचं लायसन काढून सुकाणू धरायचा माझा तो पहिलाच दिवस. ही जागा माझ्या नवऱ्याची. काविळीनं गेला, तीन वर्षं झाली. शेठनी आधीच बजावलेलं, "सगुणा, एक फेरी बघतो. जमलं न्हाय तर परत तिकिटं फाडायला बस."

चाळीस माणसं घेऊन निघाले. बहुतेक बोर्लीच्या बाजाराला चाललेली, मांडीवर झेंडूच्या टोपल्या. ओहोटी लागलेली. आमच्या खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात वाळू सरकते, गेल्या साली दोन पुरुष पाणी होतं तिथं यंदा कंबरभरसुद्धा नसेल. त्यात पाणी गढूळ. वरून काय कप्पाळ दिसणार? मी पदराचं टोक काचेकडे नेलं.

"ए बाई!" भागुबाई मागच्या बाकावरून ओरडल्या. "पूजेचं कुंकू हाय ते! आज पुसायचं न्हाय. अपशकून करतेस?"

शेठही उठले. "हात लावलास तर सुकाणू सोडायचं. आत्ताच्या आत्ता."

माझं डोकंच फिरलं. "भागुबाई, नवरा गेला त्या दिवशी माझं कुंकू तुम्हीच पुसलंत. मला विचारलं होतंत? तेव्हा तो धर्म, नि आज अपशकून व्हय?"

आणि खसकन पुसलं. एक पॉइंट चार. लगेच एक पॉइंट दोन. आमच्या लाँचला मीटरभर पाणी लागतंच! इंजिन रिव्हर्सला टाकलं, सुकाणू गर्रकन डावीकडे. मागं पिवळी वाळू उसळली, ती सगळ्यांनी बघितली. मग दोन झाले, साडेतीन झाले. सुकाणू मात्र मी सोडलं नाही.

धक्क्याला लागल्यावर शेठ घाम पुसत म्हणाले, "उद्याची पहिली फेरी सातला हाय. वेळेवर ये."

भागुबाई कुंकवाची डबी घेऊन पुढं आल्या. मी स्क्रीनची चौकट दाखवली. "इथं लावा. काचेवर न्हाय." तिथंच लावलं त्यांनी.

"आता मला," मी म्हटलं.

त्यांचं बोट तसंच अधांतरी राहिलं.

"नसेल जमत तर डबी द्या. माझं मी लावते."

त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली. इंजिन बंद केलं तसा स्क्रीन काळा झाला, त्यात माझं तोंड स्वच्छ दिसत होतं. त्यात बघूनच मी कुंकू लावलं, चांगलं रुपयाएवढं.