दोन पाण्यांमधला पाडा

"बाय, पाय जपून टाक, शेवाळ हाय," काठावरून मालन ओरडली.

"मी खडकावरच उभी आहे. हा मोबाइल सांगतोय की मी पाण्यात आहे," शुभा परब म्हणाली आणि डोळे बारीक करून पुन्हा पडद्याकडे पाहू लागली. नकाशावर ओढ्याची एकच निळी रेघ होती आणि त्या रेघेवर शुभाचा ठिपका लुकलुकत होता. प्रत्यक्षात तिच्या पायाशी एक ओढा होता, आणि समोरच्या चार घरांच्या मागे, करवंदीच्या जाळ्यांपलीकडे, दुसरा. नकाशाला दुसऱ्याचा पत्ताच नव्हता.

शुभा बोरिवली पूर्वेच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायची. जनगणनेचं काम निघालं की शाळेतले तरुण शिक्षक स्टेशनजवळच्या इमारती मागून घेत आणि उरलासुरला भाग परबबाईंच्या वाट्याला येई. या वेळी उरला होता तो जंगलातला डोंगर आणि त्याच्या अंगाखांद्यावरचे आदिवासी पाडे. शुभाला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट, इतकी वर्षं फळ्यावर डोंगर काढून काढून हाताला सवय झाली होती. पायाला होते का ते बघू, असं तिनं मनाशी म्हटलं होतं.

सगळे पाडे मोजून झाले आणि परतताना तिला ओढ्यापलीकडची ही चार घरं दिसली. सावरपाडा. तिच्या नकाशात तो नव्हता. शाळेत आल्यावर तिनं हर्षदला विचारलं. हर्षद त्याच शाळेत गणित शिकवायचा. वयानं तिच्या भाच्याएवढा, पण या कामापुरता तिचा सुपरवायझर.

"बाई, ओढा ही आपली बाऊंड्री. पलीकडचं सगळं मुलुंडवाल्यांचं. तुम्ही कशाला टेन्शन घेता?"

"मुलुंडवाल्यांनी नाही मोजलं तर?"

"मोजतील ना. नकाशा आहे त्यांच्याकडे."

शुभानं मुलुंडच्या बाजूच्या प्रगणक शिक्षिकेचा नंबर मिळवला. नमिता तिचं नाव. आवाजावरून उत्साही, पण दमलेली वाटत होती. "अहो ताई, मी गेले होते ना त्या ओढ्यापर्यंत! पलीकडे चार घरं दिसली, म्हटलं ती तुमची. ओढा ओलांडायचा नाही, असं सांगितलंय आम्हाला."

तेव्हा शुभाच्या ध्यानात आलं. नमिता मागच्या ओढ्यापाशी थांबली होती आणि आपण पुढच्या. दोघींनीही नियम पाळला होता आणि मध्ये चार घरं राहून गेली होती.

म्हणून ती आज पुन्हा आली होती. पाड्यावर पहिलंच घर मालनचं. मालन शुभाच्याच वयाची असावी, म्हणजे साठीच्या अलीकडची. पाटीत भाजी घेऊन रोज सकाळी डोंगर उतरायची. घरात तिचा मुलगा धर्मा आणि सून द्रौपदी. धर्मा खाली एका रोपांच्या नर्सरीत कामाला गेलेला. द्रौपदीनं दारातून शुभाला पाणी दिलं, तांब्या परत घेतला आणि आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

"तुम्हाला याआधी कुणी मोजलं होतं का?" शुभानं विचारलं.

"येतात, बघतात, जातात," मालन म्हणाली. "नर्सबाय इकडची येते, ती ह्या काठावर. तिकडची येते, ती त्या काठावर. दोघी हात करतात. आम्ही पण करतो." आणि ती मोकळी हसली. मग हसू आवरून म्हणाली, "नळाचा पण तसाच. खालच्या पाड्यावर आला. आम्ही विचारला तर सायब बोलला, तुमचा पाडा कुठं हाय? कागदावर नाय."

"मग खरा ओढा कुठला? जुना कुठला?"

"जुना एकच होता. त्या सव्वीस जुलैच्या पुरात वरून दरड आली, पाण्याला दोन पाय फुटले. आम्ही तवा खाली राहत होतो. घर गेला, म्हणून वर आलो."

"म्हणजे त्या एका ओढ्याच्या कुठल्या काठाला आलात?"

मालननं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं. "बाय, तवा पोरांना धरत होतो. काठ कोण बघतो?"

शुभानं डोंगराच्या माथ्याकडे पाहिलं. पाणी फुटतं कुठे ते पाहिलं, तर कदाचित कळेल जुनी वाट कोणती. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नसतं. 'नदी जिथे सुरू होते त्या ठिकाणाला उगम म्हणतात' हे वाक्य तिनं किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल, पण आजवर एकही उगम डोळ्यांनी पाहिला नव्हता. वडील गिरणीत होते, देवगडकडचे. संप लांबला, गिरणी बंद पडली, तशी लालबागची खोली विकून ते सगळ्यांना घेऊन बोरिवलीला आले आणि दिवसभर खिडकीत बसून गावच्या गोष्टी सांगू लागले. "आमच्या व्हाळाचा पाणी खंयसून येता, ता कोणाक म्हायत?" असं ते गावच्या ओढ्याबद्दल म्हणत. शाळकरी शुभाला वाटे, गावात इतकी माणसं, एकानंही जाऊन बघू नये? पुढे वडील गेले, मग आईचं आजारपण, धाकट्या भावाचं शिक्षण, त्याचं लग्न, आणि शुभाचं बघणं राहूनच गेलं. लग्नाचंही आणि उगमाचंही.

"मालनबाई, हे पाणी कुठून येतं हो?"

"वरून."

"वर कुठून?"

"मला काय ठाव? मी नाय गेली कधी."

"इतकी वर्षं इथं राहून?"

"पाणी येतोय ना खाली, मग वर कशाला जायचा?" मालन म्हणाली, पण म्हणता म्हणता तिनंही मान वर करून पाहिलं. मग आत जाऊन कोयता घेऊन आली. "चल. एवढी तू येडी, तर मी पण येडी."

दोघी निघाल्या. फेब्रुवारी संपत आला होता. ओढ्यात पाणी वाहत नव्हतं, डबक्याडबक्यांनी साचलं होतं. एका डबक्यातून दुसऱ्यात दगडांखालून झिरपत जात होतं, तेवढा आवाज यायचा. मालन पुढे कोयत्यानं वेली तोडत होती, मागे शुभा गुडघ्यावर हात ठेवत चढत होती. एका ठिकाणी ओल्या मातीत पंजाचा ठसा दिसला.

"कुत्रा असेल," शुभा म्हणाली.

"असंल," मालन म्हणाली, आणि चालण्याचा वेग वाढवला.

दोन पाणी जिथं वेगळी होत होती तिथं खरोखरच दरडीचा ढीग होता. आता त्यावर झाडं वाढली होती. तिथंच थांबायला हरकत नव्हती. दरडीच्या दोन्ही अंगांनी पाणी सारखंच झिरपत होतं, आणि जुनी वाट कुठली हे सांगणारं काहीही तिथं नव्हतं. पण आता दोघींपैकी कुणीच परतायचं नाव काढलं नाही.

"अजून थोडा हाय," मालन म्हणाली. ती कधीच वर गेली नव्हती, तरी.

माथ्याच्या थोडं खाली, एका उंबराच्या मुळ्यांमध्ये, काळा कातळ होता. त्याच्या फटीला ओल होती. फटीच्या टोकाशी थेंब जमायचा, जड व्हायचा, पडायचा. खाली परातीएवढा खळगा. बस. इतकंच. ना धार, ना गोमुख, ना एखादं देऊळ.

शुभा मटकन खाली बसली. "हा उगम?"

"एवढासाच?" मालननं वाकून फटीत पाहिलं, कान लावला, मग थेंब जिभेवर घेतला. "गोड हाय गं!"

शुभानंही घेतला. पाणी थंडगार होतं, मातीचा किंचित वास असलेलं. फळ्यावर तिनं नेहमी डोंगराच्या टोकावरून निळ्या खडूची ठळक रेघ ओढली होती. प्रत्यक्षात सुरुवात म्हणजे एक थेंब, त्यानंतर बराच वेळ काही नाही, मग दुसरा. तिला हसू फुटलं. मालनही हसायला लागली. काय एवढं हसण्यासारखं होतं कुणास ठाऊक, पण दोन बायका उंबराखाली बसून पोट धरून हसत राहिल्या.

माथ्यावर पोचल्या तेव्हा वारा लागला. पश्चिमेला बोरिवलीचे टॉवर, त्यापलीकडे खाडी आणि गोराईची हिरवी पट्टी, त्याहून पलीकडे समुद्राची धुरकट चकाकी. मागे वळलं की तळं, जंगल आणि जंगल संपलं की मुलुंडचे टॉवर. मालननं हे दोन्ही एकदम कधी पाहिलं नव्हतं. ती आलटून पालटून दोन्हीकडे पाहत राहिली.

"आम्ही ह्या दोघांच्या मधी?" तिनं विचारलं.

"हो."

"तरी सापडत नाय त्यांना."

तेवढ्यात शुभाचा मोबाइल वाजला. वर नेटवर्क होतं. हर्षद होता.

"बाई, कुठे आहात? तुमचा ठिपका डोंगराच्या टोकावर दिसतोय!"

"टोकावरच आहे. ओढा बघायला आले होते."

"अहो, ओढा कसला बघताय, यार... सॉरी, बाई. तुम्हाला काही झालं तर वाट लागेल माझी."

"हर्षद, ऐक. पाणी एकच आहे, दरडीपाशी दुभंगलंय. जुनी वाट कुठली हे देवही सांगू शकणार नाही. ही चार घरं मी माझ्यात घेते."

तो म्हणाला, "आणि मुलुंडवाल्यांनी पण घेतली तर? दोनदा मोजली गेली तर वरून मलाच विचारतील."

"नमिताला मी फोन करते. लेखी पण देते तुला, माझ्या नावावर. चूक निघाली तर परबबाईंची."

"तसं नाही ओ बाई..."

"मग कसं?"

"घ्या," तो शेवटी म्हणाला. "पण उतरा आता, प्लीज."

नमितानं पहिल्याच वाक्यात होकार दिला, आणि फोन ठेवण्याआधी विचारलं, "ताई, खरंच वर गेलात? कसं होतं?" शुभा सांगायला लागली, पण मध्येच फोन कटला.

उतरताना मालननं शुभाचा हात धरला. सपाटीला आल्यावरही सोडला नाही.

चारही घरं मोजायला फार वेळ लागला नाही. शेजारच्या घरी राजाराम नावाच्या म्हाताऱ्याला आपलं वय ठाऊक नव्हतं, सगळ्यांनी मिळून वाद घालून त्याला पंचाहत्तर दिली, तेव्हा तो म्हणाला, "ऐंशी लाव, मान ऱ्हातो." शेवटी मालनचं घर राहिलं. मालननं स्वतःचं, धर्माचं सगळं घडाघडा सांगितलं आणि बकऱ्या सोडायला निघून गेली. द्रौपदी उंबऱ्यात येऊन बसली.

तिचं वय, शिक्षण, लग्न कधी झालं, हे सगळं तिनं मान खाली घालून सांगितलं. पुढचा प्रश्न शुभानं या कामात कितीतरी बायकांना विचारला होता, त्यामुळे तो सवयीनं तोंडातून निघून गेला.

"आतापर्यंत एकूण मुलं किती झाली?"

द्रौपदीनं उंबऱ्यावरचा भुसा हातानं लोटला.

"नसतील तर शून्य टाकते," शुभा हळूच म्हणाली.

"झाला होता," द्रौपदी म्हणाली. "एक. मुलगा. दोन दिवस होता."

शुभाचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं.

"तो धरतात का?" द्रौपदीनं पहिल्यांदाच मान वर करून विचारलं. "सासूबाय बोलल्या, नको सांगू, बाय ज्यांना मोजते ते जिवंत लागतात."

"धरतात," शुभा म्हणाली. "दोन प्रश्न आहेत. जन्मली किती, आणि त्यातली आता किती आहेत. पहिल्यात तो येतो."

"येतो?"

"येतो. जन्मला होता ना? मग येतो."

द्रौपदी उठली आणि शुभाच्या शेजारी येऊन बसली. "दाखव."

शुभानं मोबाइल तिच्यापुढे धरला. उन्हामुळे काही दिसेना, म्हणून दोघींनी शुभाच्या पदराची सावली केली. शुभानं एक टाकला.

"त्याचा नाव हाय. प्रांजल. नर्सरीतल्या शेठच्या पोराचा हाच नाव होता, मला आवडला. बारसा नाय झाला, पण मी हाक मारायची."

या प्रश्नात नावाला जागा नव्हती. शुभानं ते सांगितलं नाही. "छान नाव आहे," एवढंच म्हणाली.

"हाच का तो?" द्रौपदीनं विचारलं, आणि पडद्यावर खाली मांडलेल्या आकड्यांमधल्या एकावर बोट टेकवलं. पडद्याला स्पर्श कळला, आणि आधीच्या एकाशेजारी आणखी एक उमटला. अकरा. द्रौपदीनं दचकून हात मागे घेतला. "बिघडला काय?"

"नाही गं, काही बिघडलं नाही," शुभा म्हणाली. तिनं जादाचा एक पुसला आणि पहिला तसाच राहू दिला.