शेवट न बदललेल्या नाटकाची फाइल

मी एक फाइल आहे. आकाशी पुठ्ठ्याची, साधी. माझ्यासारख्या शंभर जणी एका गठ्ठ्यात बांधून विद्यापीठाच्या भांडारात आल्या. बहुतेकींच्या नशिबी रजेचे अर्ज आणि हजेरीचे तक्ते आले. माझ्या पोटात मात्र एक नाटक आलं, आणि त्या नाटकापायी मी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचं विद्यापीठ एका धर्मसंस्थेचं. सकाळी पहिल्या तासाआधी प्रार्थना, दिवेलागणीला पुन्हा प्रार्थना. वर्षातून एकदा सभागृहात नाटक व्हायचं, तेही एखाद्या सत्पुरुषाच्या चरित्रावर, आणि ते बसवायचे नाट्यशिक्षक. विद्यार्थी संवाद पाठ करायचे, पडदा ओढायचे, खुर्च्या लावायचे. नाटक बसवणं हेही विद्यार्थ्याचं काम असू शकतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आलं भिंगरीच्या.

भिंगरी हे मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. शेवटच्या वर्षाची मुलगी, एका जागी पाच मिनिटं बसली तर शपथ. पण मला समोर घेऊन बसली की तिचे पायसुद्धा हलायचे नाहीत. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गात बसून तिने अख्खं नाटक लिहून काढलं. नाव ठेवलं ‘तोंडपाठ’.

नाटकात एक शिक्षिका आहे. ती लहान मुलांना प्रार्थना शिकवते. तिचा स्वतःचा नऊ वर्षांचा मुलगा तापाने जातो. त्या दिवसापासून तिच्याने प्रार्थना होत नाही. ओठ हलतात, आत काही हलत नाही. तरी रोज सकाळी ती वर्गात जाते आणि मुलांकडून ओळन् ओळ पाठ करून घेते. नाटक संपतं तेव्हाही तिला प्रार्थना जमलेली नसते. ती फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात जाते.

नाटकाच्या वर भिंगरीने प्रस्ताव जोडला. ‘दिग्दर्शन’ या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहिलं आणि मला समितीपुढे ठेवलं.

समितीत तिघं होती. अधिष्ठाताबाई, नाट्यशिक्षक आणि धर्मग्रंथांचे म्हातारे प्राध्यापक. प्राध्यापकांना विद्यार्थी पाठीमागे ‘लाल शाई’ म्हणत, कारण त्यांच्या हातून कोणताही कागद कोरा सुटत नसे. माणसांची एक गंमत मी तेव्हा पाहिली. ज्याला नाही म्हणायचं असतं तो आधी कागद सारखे करतो, कडा जुळवतो. बाईंनी माझ्या कडा तीनदा जुळवल्या.

“लिहिलंयस छान,” नाट्यशिक्षक म्हणाले. “एक सोपा मार्ग सांगतो. दिग्दर्शक म्हणून माझं नाव घाल. बाकी सगळं तूच कर, मी मध्ये पडणार नाही.”

“सर, तुमच्याकडूनच शिकलेय मी,” भिंगरी म्हणाली. “पण हे मी बसवणार असेन तर नावही माझंच हवं. चुकलं तर लोकांनी मला बोलावं, तुम्हाला नाही.”

सरांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. त्यांना ते लागलं होतं.

मग लाल शाई बोलले. “ही बाई मुलांना प्रार्थना शिकवते आणि स्वतः करत नाही. आमच्या भाषेत याला ढोंग म्हणतात.”

“ती ढोंगी नाही, सर.”

“मग कोण आहे?”

याचं उत्तर मला आतून ठाऊक होतं, पण फायलीला तोंड कुठे असतं!

शेवटी बाई म्हणाल्या, “एवढंच कर. शेवट बदल. शेवटच्या प्रवेशात तिला प्रार्थना जमते असं दाखव, मी लगेच सही करते. पंधरा दिवस देते तुला.” आणि माझ्या पहिल्या पानावर त्यांनी ‘तूर्त अमान्य’ असं लिहिलं.

भिंगरीने शेवट बदलून पाहिला, हे मी लपवणार नाही. ग्रंथालयातल्या खिडकीपाशी बसून तिने नवा प्रवेश लिहिला. शिक्षिका गुडघे टेकते, डोळे भरून येतात, सगळं सुरळीत. तिने तो दोनदा वाचला, मग हळूच म्हणाली, “हे तर मी सरळ सरळ खोटं लिहिलंय.” तिने ते पान माझ्यातून काढलं, चुरगळलं, मला पिशवीत टाकलं आणि गावी जाणारी बस पकडली.

कारण ती शिक्षिका म्हणजे तिची आई होती. तापाने गेलेला मुलगा तिचा धाकटा भाऊ. आईला या नाटकाचा पत्ताही नव्हता. आणि आई ज्या प्राथमिक शाळेत प्रार्थना शिकवायची, ती शाळा याच धर्मसंस्थेची होती.

घरी पोचल्यावर भिंगरीने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. “आई, हे वाच. आणि रागवायचं असेल तर पूर्ण वाचल्यावर रागव.”

आईने हात पुसले आणि वाचायला बसली. ती शिक्षिकेसारखीच वाचत होती, ओळीखाली बोट फिरवत. दुसऱ्या अंकात तिचं बोट थांबलं.

“तुला कोणी सांगितलं हे?”

“कोणी नाही. मी तेव्हा बारा वर्षांची होते, आई. तुझ्या शेजारीच बसायचे प्रार्थनेला. तुझा आवाज यायचा बंद झाला होता.”

“आणि ते तू चार लोकांत मांडणार? माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप बघतील ते. उद्या शाळेत मला कोणी उभं करेल?”

“तू नको म्हणालीस तर नाही करणार.”

“मग विचारायला कशाला आलीस? नाटक लिहून झाल्यावर?” आईचा आवाज चढला. ती उठली, भांडी घासू लागली, आणि घासलेलीच पुन्हा घासली. भिंगरी जागची हलली नाही. हातात पेन नसताना एवढा वेळ एका जागी बसलेलं मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

बऱ्याच वेळाने आई परत आली आणि उरलेलं वाचून काढलं. मग कानामागची पेन्सिल काढली. वह्या तपासायची सवय, पेन्सिल सदा कानामागे.

“इथे चुकलंयस,” ती म्हणाली. “दोन महिने लिहिलंस. दोन महिने नव्हते ते. आठ वर्षं झाली, अजून जमत नाही. लिहायचंच तर खरं लिही.”

तिने ‘दोन महिने’ खोडलं आणि ‘आठ वर्षं’ लिहिलं. मग थोडा विचार करून समासात आणखी दोन ओळी लिहिल्या. खाली, पेन मागून घेऊन, सही केली.

“तुझं नाव न सांगता देऊ?” भिंगरीने विचारलं.

“सही कशाला केली मग मी? विचारलं तर सांग. आणि शेवट बदललास तर घरात पाऊल ठेवू नकोस.”

पंधराव्या दिवशी मी पुन्हा त्याच टेबलावर होते. बाईंनी पानं उलटली. “शेवट तोच आहे की.”

“तोच आहे. मी तो बदलणार नाही,” भिंगरी म्हणाली. “तुम्ही सभागृह नका देऊ. फलक लावू नका म्हणाल तर नाही लावणार. एखाद्या वर्गात करू. पण शेवट हाच राहील.”

लाल शाईंनी मला ओढून घेतलं. लाल पेन टोपण काढून तयारच होतं. समासातल्या ओळींपाशी ते थांबले आणि मोठ्याने वाचू लागले. “मुलांना शिकवताना ती खोटं बोलत नव्हती. स्वतःला जमत नव्हतं, म्हणून मुलांना तरी यावं असं तिला वाटायचं.” त्यांनी वर पाहिलं. “हे कोणी लिहिलंय?”

“माझ्या आईने. ती शिक्षिका तीच आहे.”

“आपल्याच शाळेत शिकवतात ना त्या?” बाईंनी विचारलं. “याचा त्यांना त्रास होऊ शकतो, कल्पना आहे त्यांना?”

“आहे. लिहिलंय पेन्सिलीने, पण सही शाईने केलीय तिने.”

कोणी हसलं नाही. लाल शाईंनी त्या ओळी पुन्हा वाचल्या, या वेळी मनात. मग म्हणाले, “मी ढोंग म्हणालो होतो. तो शब्द मी मागे घेतो. या मुलीला मार्गदर्शक प्राध्यापकाची सही लागेल. माझी घ्या.”

या वेळी बाईंनी माझ्या कडा जुळवल्या नाहीत. त्यांनी सही केली. सभागृह नाही, जुनं वाचनालय. एकच प्रयोग. नाट्यशिक्षक उठताना भिंगरीला एवढंच म्हणाले, “त्या खोलीत आवाज घुमतो. नटांना भिंतीपासून लांब उभं कर.” त्यांनी न मागता केलेली ती मदत होती, आणि तिला ती कळली.

प्रयोगाला ऐंशी खुर्च्या होत्या आणि माणसं त्याहून जास्त. आई तिसऱ्या रांगेत बसली होती, मी तिच्या मांडीवर. तिच्या तळहाताच्या घामाने माझा पुठ्ठा ओला झाला. शेवटच्या प्रवेशात शिक्षिका वर्गाचं दार उघडून आत गेली, दिवे मालवले. मग टाळ्या वाजल्या, आणि थांबेनात.

माणसं पांगू लागली तेव्हा एक तरुण बाई आईपाशी आली. तिची मुलगी आईच्याच वर्गात होती.

“बाई,” ती म्हणाली, “माझंही दोन वर्षं झाली, जमत नाही. कोणाला बोलले नव्हते.”

आईने मला बाजूच्या खुर्चीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. “माझ्या शेजारी बसत जा,” ती म्हणाली. “दोघी मिळून गप्प बसू.”

शाळेत आईला कोणी काही बोललं का, असं तुम्ही विचाराल. दोन पालकांनी तक्रार केली. आई अजून त्याच वर्गात शिकवते. भिंगरी दुसऱ्या शहरात नाटकं बसवते.

आणि मी? मी अधिष्ठाताबाईंच्या कपाटात असते. माझे कोपरे दुमडलेत. गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. तिचा प्रस्ताव परत आला होता, चेहरा अगदी पडला होता. बाईंनी मला काढून तिच्यासमोर ठेवलं. “बस. हे वाच. आणि पुन्हा अर्ज कर.”

तिने मला उघडलं. पहिल्याच पानावर तिला ‘तूर्त अमान्य’ दिसलं आणि ती तिथेच अडकली. मला बोलता आलं असतं तर तिला एवढंच विनवलं असतं: पोरी, पान उलट.