उभे ठेवलेले लाकूड

मित्रांनो, घराची खरी सुरुवात चौकटीपासून होते. आधी चौकट उभी राहते, मग तिच्या आधाराने भिंती चढतात, भिंतींवर छप्पर येते आणि छपराखाली माणसे सुखाने नांदतात. मी अशीच एक जुनी चौकट आहे. कोळवणच्या खोऱ्यात, रस्त्यालगतच्या माळावर, गेली आठ वर्षे उभी आहे. माझ्या डाव्या हाताला हवा आहे आणि उजव्या हाताला करवंदीची जाळी.

मूळचा मी ऐन. इंदूबाईंच्या माहेरच्या बांधावर पन्नास वर्षे वाढलेला. लेक घर बांधायला निघाली की तिला माहेरची चौकट द्यायची, असे इंदूबाईंच्या वडिलांच्या मनात होते. आता ऐनाचे झाड आपल्या बांधावरचे असले तरी ते तोडायला परवानगी काढावी लागते. ती अर्ज केल्यापासून पावणेतीन महिन्यांत आली. त्यामुळे दोन्ही घरच्या माणसांचा असा समज झाला की सरकारी कामे होतात. पुढे जे झाले ते या एका समजामुळे झाले, असे मला वाटते.

मला घडवले कोंडाजी सुतारांनी. सहा फूट उंची, तीन फूट रुंदी, पायाशी जाड उंबरा आणि वर गणेशपट्टी. पट्टीवर मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना एकेक पोपट. डावा पोपट जरा कावळ्याकडे झुकला आहे, पण कोंडाजींनी तो मन लावून केला होता, म्हणून कोणी काही बोलले नाही. माझ्याबरोबर दाराच्या दोन झडपाही झाल्या, माझ्या सख्ख्या बहिणी. त्या घडत असताना इंदूबाई रोज येऊन बसायच्या आणि एकच गोष्ट सांगायच्या.

"कोंडाजीदादा, पोपट नसलं तरी चालंल. कडी आतनं पायजे."

"कडी आतनंच असती, बाई. भाईरनं लावत्यात त्येला कुलूप म्हणत्यात."

"असती. पर आमच्यात न्हाई."

मित्रांनो, हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट या कडीची आहे. इंदूबाईंचे यजमान गेणबा पुण्याला एसटीच्या वर्कशॉपात होते. ते शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. इंदूबाई गावी, थोरल्या दिरांच्या, म्हणजे आबांच्या घरात, परड्याकडच्या खोलीत. त्या खोलीला दार नव्हते. गोणपाटाचा पडदा होता. पडद्यातून कोंबड्या यायच्या, पुतणे यायचे, मांजर तर हक्काने यायचे. लुगडे बदलायचे तर इंदूबाई पडद्याचे खालचे टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायच्या आणि उरलेल्या एका पायावर उभ्या राहायच्या. असे सव्वीस वर्षे. आबा स्वभावाने वाईट नव्हते. त्या घरात दिरासमोर बोलायची रीत नव्हती, एवढेच.

शहात्तर साली गेणबा नोकरीतून मोकळे झाले आणि आपल्या वाटणीच्या माळावर दोन खोल्या बांधायचे ठरले. माळ कागदावर शेती. तिथे घर बांधायचे तर कचेरीतून बिनशेतीची परवानगी हवी, असे कळले. गेणबांनी अर्ज केला, नकाशा काढून आणला, सातबाऱ्याचा उतारा जोडला. मग तीन महिने थांबले. झाडाला पावणेतीन लागले होते, घराला तीन लागतील, असा त्यांचा हिशेब.

तीन महिने झाले, आणखी सहा झाले. मग गावच्या जोशीबुवांनी सांगितले की चैत्रातला मुहूर्त चुकला, तर पुढे सव्वा वर्ष चौकट उभी करता येणार नाही.

"परवानगी?" गेणबा म्हणाले.

"भिंतीला लागते. चौकटीला मुहूर्त लागतो," जोशीबुवा म्हणाले. त्यांनी आयुष्यात कचेरीची पायरी चढलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात एक ठामपणा असे.

माझा तो दिवस मोठा कौतुकाचा होता. माझे पाय हातभर खड्ड्यात पुरून दगडांनी चेपले. पाच सवाष्णींनी हळदकुंकू लावले, गणेशपट्टीला पिवळ्या फडक्यात सुपारी आणि हळकुंड बांधले, नारळ फोडला. कोंडाजींना टोपी मिळाली. झडपांना कुलूप नाही, भिंत नाही, कुणी उचलून नेईल म्हणून त्या आबांच्या घरी परड्याकडच्या खोलीच्या माळ्यावर ठेवल्या, कडीसकट. "पंदरा दिसाची गोष्ट," गेणबा म्हणाले.

बाविसाव्या दिवशी कचेरीतले सर्कलसाहेब जागा पाहायला आले. उन्हातून आले होते. सगळा माळ मोकळा असताना ते सरळ माझ्यापाशी आले, चपला काढल्या, उजवा पाय टाकून आत आले. इंदूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि तांब्या पुढे केला. साहेब पाणी प्यायले. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले.

"हे काय?"

"चौकट हाय, सायेब," गेणबा म्हणाले.

"ते दिसतंय. परवानगी मिळाली?"

"न्हाई अजून."

"मग बांधकाम सुरू कसं केलंत?"

"बांधकाम कुटं हाय? भिंत तरी हाय का एक?"

"भिंत का नाही?"

"परवानगी न्हाई म्हनून."

साहेबांनी घाम पुसला. "हे बघा, दार आहे म्हणजे बांधकाम आहे. बांधकाम आहे म्हणजे ते विनापरवाना आहे. ही चौकट काढा, अर्ज पुढं पाठवतो."

गेणबांनी इंदूबाईंकडे पाहिले. इंदूबाई साहेबांशी बोलल्या नाहीत, माझ्याशी बोलल्या. माझ्या खांबावर हात ठेवून म्हणाल्या, "पुजल्याली चौकट काढत न्हाईत."

साहेबही कुणाच्या तरी पुजलेल्या चौकटीतूनच घराबाहेर पडत असणार.  त्यांनी बाहेर जाऊन चपला घातल्या आणि कागदावर लिहिले: जागेवर बांधकाम आढळले, दरवाजा एक.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे मी तुम्हाला भराभर सांगणार आहे, कारण माझ्यावरून ती भराभर गेली नाहीत आणि तुम्हालाही तो त्रास कशाला. आधी परवानगीचा एक कागद होता. आता दोन झाले, एक घर बांधण्याचा आणि एक मी उभी असण्याचा. पहिला कागद दुसऱ्याचा निकाल लागेपर्यंत थांबला. दुसऱ्याचा निकाल लागेना, कारण अर्जदाराने घर कुठवर बांधले ते कळत नव्हते. गेणबा दर गुरुवारी जीपने कचेरीत जायचे, संध्याकाळी येऊन माझ्या उंबऱ्यावर बसायचे.

"काय म्हनलं?" इंदूबाई विचारायच्या.

"सायेब मीटिंगला गेल्यात."

"मागल्या बेस्तरवारी पन मीटिंगच होती."

"तीच आसंल. लांबली आसंल."

मला नोटिसा येत. नोटीस इमारतीच्या दर्शनी भागावर डकवावी असा नियम आहे, आणि दर्शनी म्हणावे असे माझ्याशिवाय तिथे काही नव्हते. वाल्मीक नावाचा शिपाई यायचा. एकदा तो खळ आणायला विसरला.

"मावशी, चिटकवू कशानं?"

"फडक्यात भात हाय. त्यो लाव."

इंदूबाईंनीच भात चुरून दिला. वाल्मीकने नोटीस चिकटवली आणि वहीत लिहिले की घरात कुणी नसल्याने दारावर डकवली. उरलेला भात दोघांनी खाल्ला. रात्रीतून शेळ्यांनी नोटीस खाल्ली, भातामुळे. मग नोटीस मिळाली की नाही यावर सात महिने पत्रव्यवहार झाला.

माझे हाल फार झाले असे मी म्हणणार नाही. म्हशी अंग घासायच्या. एका पावसाळ्यात उंबऱ्याला वाळवी लागली, ती इंदूबाईंनी घासलेट ओतून मारली. वर्षातून एकदा त्या मला गोडेतेल चोळायच्या. रोज सकाळी माझ्यापुढे सडा टाकायच्या, पाडव्याला तोरण बांधायच्या. गावकऱ्यांनाही एक खोड लागली. माळ चहूबाजूंनी उघडा असताना कोणी बाजूने येत नसे. माझ्यासमोर थांबून हाक मारत, "हाय का कोन घरात?" इंदूबाई पलीकडे दगडावर बसलेल्या सगळ्यांना दिसत. तरी त्या म्हणत, "या की, आत या." थट्टा करणारेही होते. आबांची बायको चांगुणा एकदा म्हणाली, "इंदे, तुझ्या घरात उजेड लई बाई." इंदूबाई हसल्या. त्या हसण्यात मी काही जीव पाहिला नाही.

संध्याकाळी त्या उंबऱ्यावर बसत, अंधार पडला की उठून आबांच्या घरी, त्या पडद्यामागे जात. मी उभी राहत असे. उभे राहणे हे माझे कामच आहे, पण भिंतीत उभे राहणे वेगळे आणि नुसते उभे राहणे वेगळे. ते दुसरे फार थकवते.

सातव्या वर्षी नवे सर्कल आले. नवे म्हणजे या भागाला नवे. त्यांची निवृत्ती दोन महिन्यांवर होती आणि गुडघे आधीच निवृत्त झाले होते. ते माझ्या उंबऱ्यावर बसले, सगळे कागद मांडीवर घेऊन शेवटपर्यंत वाचले. असे करणारे ते पहिले.

"इथं घर आहे का हो?" त्यांनी विचारले.

"न्हाई, सायेब."

"घर नाही तर दार कशाचं?"

 सात वर्षांत हा प्रश्न कुणी या बाजूने विचारलाच नव्हता.

"दार नाही, तर मग हे काय आहे? लाकूड आहे. तुमचं लाकूड, तुमच्या जमिनीत ठेवलंय. आडवं ठेवलं असतं तर एवढं झालं नसतं." आणि त्यांनी लिहिले: जागेवर बांधकाम नाही. अर्जदाराचे लाकूड उभे ठेवलेले आहे.

मला वाईट वाटायला हवे होते. गणपती, दोन पोपट, पाच सवाष्णी, आणि मी लाकूड. पण खरे सांगते, मित्रांनो, मला एवढेच वाटले की लिहा एकदाचे काय ते.

दुसरा कागद त्या दिवशी मिटला. पहिला हलला. पुढल्या वर्षीच्या भातकापणीला वाल्मीक परवानगीचा आदेश घेऊन आला. डकवला नाही, हातात दिला. इंदूबाईंनी त्याला गूळ दिला. गेणबांनी कोंडाजींना निरोप धाडला, पायाचे दगड सांगितले आणि गुरुवार नसतानाही कचेरीत जाऊन आले. संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर बसले.

"काय म्हनलं?"

"हुकूम निगाल्यापास्नं एका वर्षात काम सुरू कराया पायजे, आसं कलम हाय. न्हाई तर हुकूम रद्द."

"मग करू की सुरू. उद्याच."

"हुकूम निगून तेरा म्हैनं झालं. ह्या टेबलावरनं त्या टेबलावर येत हुता."

इंदूबाईंनी माझ्या खांबावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "पर सुरवात तर आठ वर्सामागंच झालीया. ही काय हुबी."

"म्या त्येच म्हनलं. तर क्लार्कानं कागूद काढून दावला. चौकट न्हाईच म्हनं हितं. लाकूड हाय."

 नवा अर्ज करायला हवा, असे गेणबा म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी चार शब्द सांगायचे असतात. मी दोनच सांगते. माझ्याजवळून गेलात तर मला लाथ मारू नका, आणि जमल्यास पावसाआधी थोडे तेल चोळा. आता ते काम कोणी करीत नाही. दुसरे म्हणजे, तुमच्या घरात कुणी पडद्यामागे एका पायावर उभे राहत असेल, तर तिने विचारण्याची वाट पाहू नका.

कारण त्या रात्री इंदूबाई आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिराशी सरळ बोलल्या. हे मला कोंडाजींनी नंतर सांगितले, माझ्या खांबाला टेकून, विडी ओढत. इंदूबाई म्हणाल्या, "परड्याकडच्या खोलीला दार लावून घिऊ का?"

आबा जेवत होते. म्हणाले, "लाव की. इचारायचं काय त्येच्यात?"

झडपा त्याच खोलीच्या माळ्यावर होत्या, पडद्यापासून सहा हातांवर. त्या तिथल्या जुन्या चौकटीला बसवायला, आतल्या कडीसकट, कोंडाजींना अर्धा दिवस लागला. त्या कामाला परवानगी लागत नाही.