चोसी म्हटल्याशिवाय गोष्ट नाही

आमच्याकडे गोष्ट सांगणारी पहिलं वाक्य म्हणते नि थांबते. ऐकणाऱ्यांनी "चोसी!" म्हटलं, तरच पुढे जायचं. आणि हा 'चो' साधासुधा नाही. जीभ दातांमागे चिकटवून चटकन ओढायची, कुणाची कीव आल्यावर ओढतो तशी.

माझ्या लेकीची लेक सामुकेले, सात वर्षांची, लीड्सहून पहिल्यांदाच आली होती. तिच्या तोंडून निघायचं, "कोसी!" तीन संध्याकाळी मी पहिल्याच वाक्यावर गोष्ट बंद केली.

"गोगो, सांग ना! बसू दे तिला गप्प," तिची मामेबहीण बोंगेका कुरकुरली. आजीला आमच्यात गोगो म्हणतात.

"एक जरी गप्प बसलं, तरी गोष्ट दाराबाहेरच उभी राहते."

खरं सांगू? हट्टालाच पेटले होते मी. लेक फोनवर म्हणाली होती, "आई, तिकडे काय उपयोग गं या आवाजांचा?" ते फार लागलं होतं. पोर अशीच परत गेली, तर पुढच्या खेपेला मी असेन की नाही, कुणी सांगावं?

चौथ्या दिवशी दुपारी तिला न्यायला टॅक्सी येणार होती. अंगणात कणसं सोलता सोलता मी म्हटलं, "माझ्या आत्याचं चोसी असं होतं, की पलीकडच्या डोंगरावरचा बैल गोष्ट ऐकायला चुलीपाशी येऊन बसला."

"खोटं!"

"बसला, दही मागितलं, वर म्हणाला, आंबट कमी आहे."

"गोगो!"

"मग घोरायला लागला. छप्पर उडालं. अजून सापडलेलं नाही."

सामुनं कपाळाला आठ्या घातल्या नि वैतागून जीभ ओढली. "च्च!"

बोंगेकाच्या हातातलं कणीस पडलं. मोठ्यांसमोर असं करणं आमच्यात शिवीसारखंच. माझ्या पोरांनी यापायी थोबाडीत खाल्ल्यात.

"मेलीस तू," बोंगेका पुटपुटली. सामुचे डोळे भरले.

मी तिची हनुवटी धरली. "पुन्हा कर."

"च्च."

"आता राग तसाच ठेव नि पुढे 'ओसी' जोड."

कितीदा तरी घसरली. ऊन डोक्यावर आलं. आणि मग, "चोसी." बारीकसं, पण आमचं.

"पण गोगो, दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की शिंगं फुटतात!" बोंगेका ओरडली.

"फुटू देत. चर्चमध्ये टोपी घालून जाईन."

टॅक्सी फाटकाशी आली होती. मी पहिलं वाक्य म्हटलं नि थांबले.

"चोसी!" दोघी म्हणाल्या. टॅक्सीवालाही म्हणाला, आणि त्यानं इंजिन बंद केलं.